मास्टर सिलेंडरच्या डबीभोवती ब्रेक ऑइल पाझरतंय? आधी उगम शोधा, मग पार्ट बदला

बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या पत्र्याजवळ, ब्रेक ऑइलची पांढरट प्लास्टिकची डबी दिसते. तिच्या खाली मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप, आणि त्याच्या मागे पायाचा जोर वाढवणारा काळा गोल बूस्टर. या डबीभोवती ऑइल पाझरायला लागलं की पुढच्यातली एक किंवा जास्त लक्षणं दिसतात.

डबी जिथं सिलेंडरमध्ये बसते तिथं ओलं काळपट कडं तयार होतं. त्यावर आपल्याकडची तांबडी धूळ बसते आणि चिखलाचा थर जमतो. बूस्टरच्या पुढच्या बाजूचा किंवा खालच्या पत्र्याचा रंग फुगतो, पोपडे सुटतात आणि आतलं लोखंड गंजायला लागतं. डबीतली पातळी दर महिन्याला थोडी खाली जाते, पण गाडीखाली थेंब सापडत नाही. हँडब्रेक सोडलेला असतानाही डॅशबोर्डवरचा लाल ब्रेकचा दिवा मध्येच लागतो. हा दिवा सपाट रस्त्यावर गप्प असतो, पण चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटातल्या वळणांवर लुकलुकतो. याचा अर्थ पातळी खालच्या खुणेजवळ आलेली आहे. वळणावर आणि उतारावर ऑइल एका बाजूला सरकतं, आतला तरंगता फ्लोट खाली बसतो आणि दिवा पेटतो.

यापेक्षा वेगळी आणि गंभीर लक्षणंही आहेत. पेडल मऊ लागतं, दाबून धरलं की हळूहळू खाली जातं, किंवा एकदा दाबून ब्रेक लागत नाही म्हणून दोनदा दाबावं लागतं. यातलं काहीही असेल तर खालची तपासणी घरी करत बसू नका. गाडी उभी करा आणि थेट शेवटच्या भागाकडे या.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात ही तक्रार घेऊन गाड्या सारख्या येतात. केए २२ असो, चिकोडीकडची केए २३ असो, की चंदगड-गडहिंग्लजकडून आलेली एमएच ०९, बहुतेकांची सुरुवात एकच असते: ‘मेस्त्री, ऑइल कमी होतंय, मास्टर सिलेंडर गेला म्हणे, नवीनच टाका.’ कुणीतरी वरून बघून सांगितलेलं असतं. पण ऑइल वरून खाली उतरतं. झाकणातून निघालेला थेंब डबीच्या अंगावरून सिलेंडरवर येतो, तिथून बूस्टरवर जातो आणि बघणाऱ्याला ओल दिसते ती बूस्टरवर. म्हणून खाली कुठं ओलं आहे यावरून काही ठरवू नका. सगळ्यात उंच जागी ओल कुठं सुरू होते ते शोधा. पुढची सगळी तपासणी याच एका गोष्टीसाठी आहे.

ती ओल ब्रेक ऑइलचीच आहे का?

बॉनेटखाली काच धुण्याच्या पाण्याची टाकी असते, बॅटरी असते, काही गाड्यांत पॉवर स्टीअरिंगची डबीही जवळच असते. पावसाळ्यात तर सगळंच ओलं असतं. ओल पांढऱ्या कापडावर टिपून घ्या. नवं ब्रेक ऑइल फिकट पिवळसर दिसतं, जुनं चहासारखं तपकिरी होतं. शंका असेल तर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात एक थेंब सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. इंजिन किंवा स्टीअरिंगचं ऑइल वर तवंग धरतं. यासाठी एक पैसाही लागत नाही, आणि चुकीच्या जागी हात घालण्याचं टळतं. तो ग्लास मात्र पुन्हा पाणी प्यायला वापरू नका, ब्रेक ऑइल विषारी असतं.

बॅटरी जवळ असेल तर तिच्या टोपणांभोवतीही बघा. ॲसिडनेही पत्र्याचा रंग जातो, पण तिथं पांढरी-हिरवी पूड जमते.

पातळी जास्त तर नाही?

मी बघितलेल्या गाड्यांत ‘गळती’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या इथंच सुटल्या आहेत. डबीवर वरची आणि खालची अशा दोन खुणा असतात. गाडी सपाट जागेवर उभी करून ऑइल या दोन खुणांच्या मध्ये कुठं आहे ते बघा. वरच्या खुणेच्या पुढं, झाकणापर्यंत भरलेलं असेल तर ते बाहेर येणारच. पेडल सोडल्यावर ऑइल सिलेंडरमधून परत डबीत येतं. त्याच्या जोराने आतल्या आत उसळी बसते. इंजिनच्या उष्णतेनं ऑइल थोडं फुगतंही. त्यासाठी वर मोकळी जागा ठेवलेली असते. जांबोटी-कणकुंबीच्या खड्ड्यांतून गाडी आदळत गेली की काठोकाठ भरलेलं ऑइल झाकणाच्या हवेच्या वाटेतून बाहेर पडतं.

आता हे जास्त भरलं कसं जातं ते समजून घ्या, कारण त्यामुळेच हा घोळ पुन्हा पुन्हा होतो. डिस्क ब्रेकचे पॅड जसे झिजतात, तसा कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन पुढे सरकतो आणि मागे मोकळी झालेली जागा ऑइल भरून काढतं. डबीतली पातळी त्यामुळे हळूहळू खाली येते. हे गळणं नव्हे. पण कुणीतरी पातळी कमी बघून ऑइल ओततं आणि वरच्या खुणेपर्यंत भरतं. नंतर नवे पॅड टाकताना मेस्त्री पिस्टन मागे दाबतो, तेवढं सगळं ऑइल डबीत परत येतं आणि झाकणातून बाहेर सांडतं. मालकाला वाटतं, पॅड टाकल्यापासून मास्टर सिलेंडर गळायला लागला.

म्हणून पातळी हळूहळू कमी झाली असेल तर ऑइल ओतण्याआधी पॅड बघा. पॅड झिजलेले असतील तर पातळी त्या मानाने खाली असणं बरोबर आहे. नवे पॅड टाकल्यावर ती आपोआप वर येईल. पॅड चांगले जाड आहेत, मागच्या ड्रम ब्रेकचे लायनरही ठीक आहेत, आणि तरी पातळी उतरते, तर मात्र कुठंतरी वाट झालेली आहे.

जास्त झालेलं ऑइल मेडिकलमधून आणलेल्या नव्या सिरिंजनं काढून घ्या. काढलेलं ऑइल पुन्हा वापरायचं नाही.

धुवा, वाळवा, पावडर मारा

ओल पुसल्याशिवाय उगम सापडत नाही, आणि नुसत्या कापडानं पुसून भागत नाही. झाकण घट्ट आहे ना ते बघून डबी, सिलेंडर आणि बूस्टरचा पुढचा भाग पाण्यानं नीट धुवा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, त्यामुळे साधं पाणी यावर चांगलं चालतं, आणि रंग खाणारं ऑइलही निघून जातं. प्रेशरचा पाइप मारू नका, पाणी झाकणातून किंवा वायरच्या कनेक्टरमधून आत जातं. मग कोरड्या कापडानं टिपा आणि तासभर वाळू द्या.

सगळं कोरडं झालं की डबीच्या बुडाशी आणि सिलेंडर-बूस्टरच्या सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. सांध्याखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या सरकवून ठेवा. पावडरीवर ऑइल लागलं की गडद रेघ उठते आणि ती रेघ वर कुठं सुरू होते ते स्पष्ट दिसतं.

पहिली रात्र गाडी तशीच उभी ठेवा, पेडलला पाय लावू नका. सकाळी बघा. डबीत दाब नसतो, ऑइल फक्त स्वतःच्या वजनानं खाली येतं. त्यामुळे डबी तडकलेली असेल किंवा तिच्या बुडाचं रबर गेलेलं असेल तर उभ्या गाडीतही ओल येते. त्यानंतर इंजिन चालू करून पंधरा-वीस वेळा पेडल दाबा आणि पुन्हा बघा. सिलेंडरच्या बाजूला जे लोखंडी पाइप नटांनी जोडलेले असतात, तिथं मोठा दाब येतो, म्हणून तिथली गळती पेडल दाबल्यावरच उघडी पडते. सिलेंडरच्या मागच्या टोकाचं सील गेलं असेल तर पिस्टन पुढं-मागं होताना पाझर वाढतो, जरी ते उभ्या गाडीतही थोडं झिरपू शकतं.

एवढ्यावर निम्म्याहून जास्त उत्तर मिळालेलं असतं. घाई करून ही रात्र वाचवू नका.

झाकण आणि आतला रबर

झाकण उघडण्याआधी त्याच्या भोवतीची धूळ पुसा. आपल्याकडची माती बारीक असते. तिचा कण डबीत पडला की तो थेट सिलेंडरच्या सीलपर्यंत जातो, आणि डबीतून सिलेंडरमध्ये उतरणारं एक छिद्र सुईच्या टोकाइतकं बारीक असतं. ते बुजलं तर ब्रेक धरून राहतात.

झाकणाच्या आत बऱ्याच गाड्यांत रबरी डायफ्राम असतो. पातळी खाली गेली की तो ताणून खाली येतो, त्यामुळे बाहेरची दमट हवा ऑइलला थेट लागत नाही. हा रबर दुमडलेला, फाटलेला किंवा नीट न बसलेला असेल तर झाकणाच्या कडेनं ऑइल येतं. बाहेर काढून पुसा, सरळ करा, परत बसवा. झाकणाच्या वरच्या बाजूचं हवेचं छिद्र चिखलानं बुजलं असेल तर मोकळं करा, पण झाकण डबीवर असताना टाचणी घालू नका.

इथं एक गोष्ट थांबून बघा. हा रबर फुगलेला, ढिला, मऊ झालेला आहे का? झाकणात परत बसतच नाही इतका मोठा झालाय का? तसं असेल तर डबीत कुणीतरी ब्रेक ऑइलऐवजी दुसरंच ऑइल ओतलेलं आहे: इंजिन ऑइल, गिअर ऑइल, स्टीअरिंगचं ऑइल, काहीही. ब्रेकच्या रबरांना हे खनिज तेल चालत नाही, ते फुगतात. वरचं रबर फुगलं तर आतली सीलं, चाकांतली रबरं, लवचिक होज, सगळ्यांची तीच गत झालेली असते. नुसतं ऑइल बदलून ही गाडी सुरक्षित होत नाही. सगळी रबरं बदलावी लागतात आणि लाईन धुवावी लागते. हे तुमचं काम नाही. इथंच थांबा, आणि गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या.

गावाकडच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे की रस्त्यात ऑइल कमी दिसलं म्हणून हाताला येईल ते ओतू नका. त्या एका कपानं पूर्ण ब्रेक सिस्टम बदलायची वेळ येते, आणि तेही नशीब चांगलं असेल तर, घाटाच्या आधी लक्षात आलं तर.

सेन्सरची वायर

डबीच्या झाकणाला किंवा बुडाला पातळीचा सेन्सर असतो. त्याचा कनेक्टर काढून आत बघा. आत ऑइल असेल तर सेन्सरच्या जागेतून पाझर आहे. कधी कधी ऑइल वायरच्या आतून लांबपर्यंत सरकत जातं आणि दुसरीकडेच ठिबकतं, मग मालक भलत्याच जागी शोधत बसतो. बुडातला सेन्सर काही गाड्यांत वेगळा मिळतो, काहींत पूर्ण डबीच घ्यावी लागते.

उसाच्या पट्ट्यात, निपाणी-संकेश्वरकडे, तोडणी झाल्यावर उंदीर घराकडे वळतात आणि बॉनेटखाली शिरतात. कुरतडलेली वायर दिवा विनाकारण लावते. पातळी बरोबर असून दिवा लागतो तेव्हा आधी ही वायर बघा.

क्लचचा पाइप

ज्या गाड्यांत क्लच ऑइलवर चालतो, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत क्लचला याच डबीतून ऑइल जातं. डबीच्या कुशीला एक नळी असते, तिच्यावर रबरी पाइप क्लिपनं बसवलेला असतो. हा पाइप कडक झाला की क्लिप असूनही घाम यावा तसा पाझरतो. पाइपाचं टोक वाकवून बघा, बारीक चिरा दिसतील. पाइप स्वस्त आहे, पण ब्रेक ऑइलसाठीचाच घ्या. डिझेलचा किंवा पाण्याचा पाइप दिसायला सारखा असतो, तो ब्रेक ऑइलला टिकत नाही. तसंच, गाडीचं क्लच पेडलही मऊ झालं असेल तर पातळी क्लचकडून कमी होत असण्याची शक्यता आहे. क्लच पेडलच्या वर, आतल्या बाजूला, हात घालून ओल आहे का बघा.

बुडाचे ग्रोमेट

खरा पाझर बहुतेक वेळा इथं सापडतो. डबीचे दोन पाय सिलेंडरमध्ये दोन ग्रोमेटमधून, म्हणजे गोल रबरी कड्यांमधून, बसतात. दोन पाय असतात कारण ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाईन असतात, एक गेली तरी दुसऱ्या लाईनला ऑइल राहावं म्हणून. इंजिनच्या उष्णतेनं काही वर्षांत हे रबर कडक होतं, त्याची पकड जाते आणि डबी थोडी हलायला लागते. डबी हातानं हळूच डावी-उजवीकडे हलवून बघा. ती डुगडुगते आणि बुडाशी ओलं कडं आहे, तर ग्रोमेट गेलेत. बॅटरी बदलताना किंवा वायरिंगचं काम करताना डबीवर हात टेकवून जोर दिला जातो, त्यानंही हे लवकर होतं.

ग्रोमेट अगदी स्वस्त मिळतात. मास्टर सिलेंडरच्या किमतीशी तर तुलनाच नाही. बेळगावच्या स्पेअरच्या दुकानात जाताना गाडीचा चेसिस नंबर घेऊन जा, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या सालांत वेगळे सिलेंडर बसवलेले असतात.

ज्याच्या हाताला पान्याची सवय आहे त्याला हे काम जमतं. ज्याला नाही त्यानं मेस्त्रीकडून करून घ्यावं, पण खाली लिहिलंय तसंच होतंय का ते बघावं.

आजूबाजूच्या रंगावर ओलं कापड पसरा. डबीतलं ऑइल सिरिंजनं काढा. सेन्सरचा कनेक्टर आणि क्लचचा पाइप सोडवा, पाइपाच्या तोंडात स्वच्छ बूच घाला. डबी धरून ठेवणारी पिन किंवा स्क्रू असेल तर काढा. ही पिन न बघता डबी ओढली की पाय मोडतो. मग डबी दोन्ही हातांनी धरून, किंचित हलवत, सरळ वर ओढा. पायाखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. सिलेंडर ॲल्युमिनियमचा असेल तर त्यावर चरा पडतो आणि नवं रबरही तिथून गळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: डबी काढलेली असताना पेडलला कुणीही हात-पाय लावायचा नाही. पोरं गाडीत बसून खेळत असतील तर दार बंद करा. एकदा पेडल दाबलं तर ऑइल वर उडतं, डोळ्यांत जाऊ शकतं, आणि सिलेंडरमध्ये हवा ओढली जाते.

जुने ग्रोमेट बोटांनी काढा. रबर जिथं बसतं ती जागा कापडानं पुसून उजेडात नीट बघा. तिथं पांढरी पूड, गंज किंवा खड्डे पडलेले दिसले तर नवे ग्रोमेट टाकून उपयोग नाही, ते महिन्याभरात पुन्हा पाझरतील. मग मास्टर सिलेंडरच बदलावा लागतो. कणकुंबीसारख्या मुसळधार पावसाच्या भागातल्या गाड्यांत हे जास्त बघायला मिळतं.

डबी आतून साफ करायची असेल तर फक्त नव्या ब्रेक ऑइलनं. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांचा एक थेंबही नको. नवे ग्रोमेट नव्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवा. ग्रीस लावायची सवय इथं सोडा, साधं ग्रीस म्हणजे पुन्हा खनिज तेलच. दोन्ही पाय एकाच वेळी सारखे दाबून डबी सरळ खाली बसवा, बसल्याचं हाताला कळतं. पिन परत घाला.

ऑइल डबीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच भरा, सीलबंद बाटलीतलं. गॅरेजच्या कपाटात अर्धी उघडी पडलेली बाटली नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि मग कमी तापमानाला उकळतं. डॉट ३ दर्जाचं कोरडं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकलं पाहिजे, पण त्यात पाणी मुरल्यावरची हद्द १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. चोर्ला उतरताना सतत ब्रेकवर पाय असलेल्या गाडीचं ऑइल तापतं, त्यात वाफ झाली की पेडल एकदम खाली जातं. वाफ दाबली जाते, ब्रेकपर्यंत जोर पोचत नाही. म्हणून इथल्या गाड्यांना दोन वर्षांनी ऑइल बदला असं मी सगळ्यांना सांगतो, पाझर असो वा नसो. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, वेगळंच ऑइल आहे. डॉट ३ किंवा ४ च्या गाडीत ते ओतायचं नाही.

भरल्यावर थोडा वेळ थांबा. मग पेडल अगदी थोडं थोडं, हळू दाबून सोडा. डबीत बुडबुडे वर येतील. ते थांबेपर्यंत करा आणि पातळीवर लक्ष ठेवा. शेवटी पेडल पूर्वीइतकंच कडक आणि उंच लागलं पाहिजे. तसं लागलं नाही तर लाईनमध्ये हवा आहे, चाकांवरून एअर काढावी लागेल. तोपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका.

डबीच तडकली असेल तर

या डब्या दोन अर्धे भाग जोडून केलेल्या असतात. मध्ये आडवी शिवण असते. पावडरीवरची रेघ या शिवणीपासून सुरू होत असेल, किंवा क्लचच्या नळीच्या मुळाशी चीर असेल, तर डबी बदलायची. एम-सील, फेव्हिक्विक, सोल्डरिंगनं वितळवून जोडणं, हे सगळं इथं निरुपयोगी आहे. या प्लास्टिकवर चिकटपदार्थ धरत नाही आणि ब्रेक ऑइल उरलेलं खाऊन टाकतं. आज बंद झालेली चीर घाटात उघडते. नव्या डबीबरोबर ग्रोमेटही नवेच टाका.

सिलेंडरच्या बाजूचे पाइप आणि मागचं सील

वरचं सगळं कोरडं आहे आणि रेघ सिलेंडरच्या बाजूच्या पाइपाच्या नटाशी सुरू होते, तर नट योग्य मापाच्या, जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणाऱ्या पाइप पान्यानं किंचित आवळून बघता येतो. साध्या दोन तोंडी पान्यानं नटाचे कोपरे झिजतात. जोर लावून आवळला तर सिलेंडरचे आटे जातात. किंचित आवळूनही ओल थांबली नाही तर सोडून द्या, मेस्त्रीला दाखवा.

सिलेंडर आणि बूस्टर यांच्या सांध्याच्या खालच्या बाजूला ओल असेल, आणि त्याच्या वर सगळं कोरडं असेल, तर सिलेंडरच्या मागच्या टोकाचं सील गेलंय. कधी हे ऑइल बाहेर न येता बूस्टरच्या पोटात उतरतं. तेव्हा पातळी कमी होत राहते आणि बाहेर काहीच दिसत नाही. पेट्रोल गाडीत ते व्हॅक्यूमच्या पाइपातून इंजिनात ओढलं जाऊन पांढरा धूर दिसू शकतो. डिझेल गाडीत व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, तिथं धुराची खूण मिळेलच असं नाही. बूस्टरचा पडदा ऑइलनं खराब झाला की पेडल दगडासारखं कडक होतं.

पूर्वी सिलेंडर उघडून नुसतं किट, म्हणजे आतल्या सीलांचा संच, टाकत असत. आज मी ते सुचवत नाही. आतला बोअर थोडा जरी खरवडलेला असेल तर नवं सील लवकरच जातं, आणि ब्रेकच्या बाबतीत ती जोखीम घेण्यात अर्थ नाही. पूर्ण सिलेंडर बदला, चांगल्या कंपनीचा, बिल घेऊन.

इथं थांबा आणि मेस्त्री बोलवा

गाडी जागेवर उभी असताना इंजिन चालू ठेवा, पेडल एकसारख्या जोरानं अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर ऑइल बाहेर गळत असो वा नसो, ती गाडी चालवायची नाही. बाहेर सगळं कोरडं असेल तर सिलेंडरच्या आतली सीलं ऑइल अडवत नाहीत.

पातळी खाली जाते पण ओल कुठंच सापडत नाही, चाकाच्या आतल्या बाजूला किंवा टायरवर ओल आहे, झाकणाचं रबर फुगलंय, किंवा लाल दिवा पातळी आणि वायर बरोबर असूनही जात नाही, तर पुढं तपासत बसू नका. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत डबी पूर्ण रिकामी होऊन हवा गेली असेल तर साध्या पद्धतीनं एअर निघेलच असं नाही. काही गाड्यांना त्यासाठी स्कॅनर लावावा लागतो, म्हणून ती ज्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर आहे तिथंच न्या.

लाल दिवा घाटात लागला तर गाडी खालच्या गिअरला आणून वेग कमी करा, रुंद जागा बघून बाजूला घ्या, हँडब्रेक लावा आणि चाकामागे दगड ठेवा. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक वेगळ्या केबलवर असतो, तो ऑइलवर अवलंबून नसतो. ‘आता फक्त साखळी गावापर्यंत जायचंय’ किंवा ‘वंटमुरीचा उतार संपला की बेळगाव आलंच’ असं म्हणून पुढं निघू नका. ओढून नेणाऱ्या गाडीचं भाडं लागू द्या.

मेस्त्रीकडे जाताना तीन गोष्टी सांगा: ओल कुठल्या जागी सुरू होते, पातळी किती दिवसांत किती उतरली, आणि शेवटचं ऑइल कुणी, कुठलं ओतलं. तिसरी गोष्ट लाजून लपवू नका. ती कळली तर मेस्त्री आधी रबरं बघेल. आणि काढलेला जुना पार्ट परत मागून घ्या, तो हातात घेऊन ग्रोमेट खरंच कडक झालेत का, सीलं फुगलीत का, ते स्वतः बघा.